खाकी पट्टीखालचा डोळा

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोन का उचलत नाही म्हणून चिडली आहेस, ते अक्षरावरूनच कळलं. अगं, ओठांची उजवी बाजू अजून संपावर आहे. प, ब आणि म ही मंडळी ओठ मिटल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. परवा पुठ्ठेवाल्याला फोन केला, तर त्याने काळजीच्या सुरात विचारलं की आज सकाळीच घेतली आहे का. तेव्हापासून मी फोनला हात लावत नाही. पत्रात मात्र माझे सगळे प आणि ब ठणठणीत आहेत, तेव्हा आता पत्रंच वाच.

बाकी तब्येत छान. कानाच्या नसेवरची ती गाठ (अकॉस्टिक न्यूरोमा हे नाव मी आता झोपेतही सांगू शकतो, म्हणजे म सोडून) पूर्ण निघाली. जाताना उजवा कान घेऊन गेली. चेहऱ्याची नस त्या गाठीला चिकटलेली होती, तिला ताण बसला, म्हणून चेहरा अर्धा झोपला आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात सहा महिने, कदाचित वर्ष. चालताना अजून भिंतीशी सलगी करावी लागते, पण ती कमी होते आहे.

उजवा डोळा मिटत नाही. तासातासाला थेंब आणि रात्री मलम लावून डॉक्टरांनी दिलेली पट्टी, असा कारभार आहे. पण एक सांगतो, डोळा अजिबात दुखत नाही. टोचत नाही, चुरचुरत नाही, काही नाही. म्हणजे डोळ्याच्या बाबतीत सुटलो म्हणायचं.

आपलं फ्रेमचं दुकान पुन्हा उघडलं. पहिल्याच दिवशी अडलं. फ्रेमची लांब पट्टी सरळ आहे की बाक आला आहे, हे बघायला ती दोन्ही हातांनी डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटावा लागतो. बाबांनी तसंच शिकवलं, डावा लावायचा, उजवा मिटायचा. आता उजवा मिटेना, आणि दोन्ही हात पट्टीला अडकलेले. पण कारागिराचं डोकं आहे. फ्रेमला मागून लावतो ती खाकी चिकटपट्टी असते ना, तिचा तुकडा तोडला, पापणी ओढून खाली चिकटवली, काम फत्ते! आता सकाळी दुकानात शिरलो की लावतो आणि निघताना काढतो. वर काळा चष्मा. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही.

त्या दिवशी तू वॉर्डात आलीस आणि दहा मिनिटांत गेलीस, असं हिने सांगितलं. मी गुंगीत होतो. गाडी मिळाली ना?

पत्र पाठवत राहा, मायाही त्यातूनच पाठव, पोस्टाला ओझं होत नाही.

तुझा,
धाकटा


ता. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून जिवात जीव आला. पुठ्ठेवाल्याचा किस्सा शेजारणीला वाचून दाखवला, ती हसून हसून बेजार झाली. दुकान उघडलंस हे उत्तम केलंस, घरात बसला असतास तर बायकोचं डोकं खाल्लं असतंस.

इकडे न्हाणीघराचा नळ फुटला होता. दुरुस्त करायला आलेला प्लंबर माझाच जुना विद्यार्थी निघाला, आठवीत दोनदा बसलेला. त्याने मला पाण्याच्या दाबाबद्दल अर्धा तास शिकवलं. मी निमूटपणे ऐकून घेतलं, शेवटी वही तपासायची सवय म्हणून फक्त एक चूक काढली. गुडघे कुरकुरतात. छतावरच्या कुंड्या वाढल्या आहेत, पाणी घालायला दोन वेळा जिना चढावा लागतो.

हो, गाडी मिळाली. त्या दिवशी उशीर झाला होता खरा.

डोळ्याला जप. युक्ती तुझी तू जाणोस, कारागीर माणसाला मी काय शिकवणार.

तुमच्या दोघांवर माझा जीव आहे, हे वेगळं लिहायला नको, तरी लिहिते.

तुझी,
ताई


ता. २ एप्रिल

ती. ताई यांस,
सा. न. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. कळलं तर रागावतील, पण आता रागाला भिऊन चालणार नाही.

गेल्या सोमवारी दुकानातली कचऱ्याची टोपली रिकामी करायला गेले. त्यात खाकी पट्टीचे तुकडे होते, बोटभर लांबीचे, आणि प्रत्येकाला पापणीचे केस चिकटलेले. मला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तशीच वर घरी आले आणि ह्यांना खिडकीपाशी बसवून चष्मा काढायला लावला. नको नको म्हणत होते. उजव्या बुबुळावर पांढुरका ठिपका होता, आणि सबंध डोळा लाल.

लगेच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, त्यांनी डोळा तपासला. मग त्यांनी सांगितलं की पट्टीखाली पापणी हळूहळू वर सरकते, डोळा उघडा होतो, आणि त्या पट्टीची कड दिवसभर बुबुळावर घासत राहते. दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर पाच मिनिटांत ओरडत पट्टी काढून फेकली असती. पण ह्यांच्या डोळ्याची जाणीवच गेली आहे, गाठीच्या बाजूची दुसरी एक नस दुखावली म्हणून. दुखत नव्हतं ते बरं झाल्यामुळे नव्हे. तीन आठवडे रोज घासला आहे डोळा. जखम झाली आहे. ती भरली नाही तर फूल पडेल आणि नजर जाईल.

उपाय एकच सांगितला आहे, की वरची-खालची पापणी बाहेरच्या कोपऱ्याला शिवून टाकायची, म्हणजे डोळा अर्धा झाकलेला राहील आणि जखमेला विश्रांती मिळेल. पुढे चेहरा सुधारला तर टाके काढता येतात. हे नाही म्हणतात. आधीच वाकडं तोंड, त्यात डोळा शिवलेला, अशा माणसाच्या दुकानात कोण पाऊल टाकेल, असं म्हणतात. गिऱ्हाइकांना सांगितलं आहे की काच उडून डोळ्याला लागली. पस्तीस वर्षांत ह्यांच्या हातून काच उडाली नाही, ताई, आणि आपल्याच कामाची बदनामी स्वतःच्या तोंडाने करतात, पण आजाराचं नाव घेत नाहीत.

माझीही चूक लिहायला हवी. घरी आल्यापासून हे स्वतःच थेंब घालत होते, स्वतःच मलम लावत होते, मला जवळ येऊ देत नव्हते. मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. तो डोळा रात्रीसुद्धा उघडा बघायचा धीर होत नव्हता. बायको असून मी तीन आठवडे नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं नाही, आणि कचऱ्याच्या टोपलीने मला सांगितलं.

काल मी फार मागे लागले तेव्हा म्हणाले की ताईलासुद्धा बघवलं नाही, तर लोकांचं काय. हे वाक्य तुम्हाला कळवावं की नाही याचा रात्रभर विचार केला. डॉक्टरीणबाईंनी आठ दिवसांची मुदत दिली आहे. तुमचं ऐकतील. मला दुसरा मार्ग दिसत नाही.

रागावू नये, आणि असलेला लोभ कमी करू नये, ही विनंती.

तुमची,
भावजय


ता. ५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बायकोने मला लिहिलं आहे. तिच्यावर रागवायचं नाही. ती घाबरली आहे आणि तिचं बरोबर आहे.

आता माझं ऐक. वॉर्डात आले त्या दिवशी मी गाडी चुकेल असं सांगून निघाले. गाडी संध्याकाळी सहाची होती. मी दुपारी दोनपासून बसथांब्यावर बसून होते, पिशवी मांडीवर घेऊन. तू एका डोळ्याने झोपला होतास आणि दुसरा माझ्याकडे बघत होता. तोंड एका बाजूला ओघळलेलं. तुला लहानपणी मी अंघोळ घातली, तुझं नाक पुसलं, तू आजारी पडलास की उशाशी बसले. आणि मला तुझ्याकडे बघवेना. माझे पाय आपोआप दाराकडे गेले. मला स्वतःची इतकी लाज वाटते की हे कागदावर उतरवतानासुद्धा मान वर होत नाही.

पण त्याहून वाईट पुढे आहे. तुझं पत्र आलं, त्यात तू मोठ्या ऐटीत लिहिलं होतंस की डोळा अजिबात दुखत नाही आणि त्यावर तू चिकटपट्टी लावतोस. मी त्या ओळीशी थांबले होते. तीस वर्षं फळ्यावर डोळ्याची आकृती काढली आहे मी. दर वर्षी मुलांना सांगायचे की कण गेला की डोळा चुरचुरतो, पाणी येतं, पापणी मिटते, म्हणूनच डोळा वाचतो. न दुखणारा उघडा डोळा किती धोक्यात असतो, हे सगळ्या घरात कुणाला कळायला हवं होतं तर मला. आणि कळलं होतं! मी लिहायला घेतलं, दोन कागद फाडले. डोळ्याबद्दल लिहिलं तर वॉर्डाबद्दल लिहावं लागेल, तू विचारशील की ताई, तू अशी का गेलीस. त्यापेक्षा मी प्लंबरबद्दल लिहिलं. माझी लाज झाकायला मी तुझा डोळा तीन आठवडे घासू दिला.

तेव्हा ताईलासुद्धा बघवलं नाही, हे खरं आहे. पण त्यावरून तू जगाचा हिशेब मांडू नकोस. मला बघवलं नाही, कारण मी भित्री निघाले. त्यात तुझ्या चेहऱ्याचा दोष नाही. माझा राग आला असेल तर माझ्यावर काढ, चार शिव्या लिही, वर्षभर बोलू नकोस. डोळ्यावर काढू नकोस. टाके घालून घे. मी मोठी आहे म्हणून सांगण्याचा हक्क माझा उरलेला नाही, तो मीच घालवला आहे. म्हणून सांगत नाही, पदर पसरते.

तुझ्या लोभाला मी पात्र राहिले की नाही, ते तू ठरव. माझा तुझ्यावर आहे.

तुझी,
ताई


ता. २१ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. एका डोळ्याने ओळ कुठे जाते ते नीट उमगत नाही. सरळ रेषेवर पोट भरणाऱ्या माणसाची ही गत.

टाके घालून झाले. नऊ तारखेला. भूल फक्त पापणीपुरती दिली होती, आणि डॉक्टरीणबाई सबंध वेळ आपल्या मुलाच्या परीक्षेबद्दल बोलत होत्या. आता उजवा डोळा बाहेरच्या बाजूने बंद आहे, मधे फट आहे, तेवढ्यातून धुकं दिसतं. समोर धरलेली बोटं मोजता येतात. जखम भरते आहे, ठिपका राहणार. किती नजर परत येईल हे त्या सांगत नाहीत, आणि मी आता विचारत नाही.

तुझं पत्र मी पाच-सहा वेळा वाचलं. पहिल्या वेळी तुझा राग आला, लपवत नाही. मग मला एक गोष्ट कबूल करावीशी वाटली. मी गुंगीत नव्हतो. तुला येताना पाहिलं, जाताना पाहिलं. तू पदर तोंडाला लावलास तेसुद्धा पाहिलं. त्या एका गोष्टीवर मी दोन महिने जगलो. कुणी विचारलं, लाजतोस कशाला, की मनात उत्तर तयार, सख्खी बहीण पळाली. फार सोयीचं होतं ते. डॉक्टरांनी दवाखान्यातून सोडताना बजावलं होतं की दुकानातलं काही डोळ्याला लावू नका. मी ऐकलं होतं, समजलंही होतं. तरी लावली पट्टी, बाक बघायचं निमित्त होतं, खरं कारण हे की चष्म्यामागून कुणी तो उघडा डोळा बघू नये. तुझ्या मौनाने तीन आठवडे गेले, हे तू म्हणतेस. पट्टी रोज सकाळी तोडत कोण होतं? वाटणी करायचीच झाली तर मोठा वाटा माझा आहे, आणि तो मी तुला उचलू देणार नाही.

काच उडाल्याचं मी दुकानात एकेकाला पुन्हा सांगतो आहे, म्हणजे उडाली नव्हती असं. एका आजोबांनी नातवाचं प्रमाणपत्र फ्रेमला दिलं होतं, त्यांना पहिल्यांदा सांगितलं. कान लाल झाले माझे, ऐकू येणारा आणि न येणारा, दोन्ही. ते म्हणाले की बरं झालं, आम्हाला वाटलं होतं हात थकला तुमचा, दुसरं दुकान बघावं का. बघ, म्हणजे मी काय वाचवत होतो आणि काय घालवत होतो!

आता फ्रेमच्या पट्टीचा बाक बघायला ही येते. मी धरतो, ती डोळा लावते, आणि मला सांगते की इकडे वाकली आहे. बहुतेक वेळा बरोबर असते. ते मला अजून पचलेलं नाही.

राहता राहिला लोभ. तू विचारलंस म्हणून लिहितो. रागावणं आणि लोभ दोन्ही आहेत, एकाने दुसरं जात नाही. पण तू पत्रातून माफी मागायची आणि मी पत्रातून द्यायची, हे मला पटत नाही. पत्रात तोंड दिसत नाही, आणि आपण दोघांनी नेमका तोच फायदा घेतला. तू ये. महिनाभर राहायचं म्हणून ये.

इथे काम आहे. मलम दिवसातून चार वेळा घालायचं असतं. सकाळचं आणि रात्रीचं हिच्याकडे आहे, संध्याकाळचं मी करतो. दुपारचं तुझ्यासाठी ठेवलं आहे. हात साबणाने धुवायचे, खालची पापणी बोटाने अलगद ओढायची, टाक्याला धक्का लावायचा नाही, आणि तांदळाच्या दाण्याएवढं मलम आत सोडायचं. त्यासाठी माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर यावं लागतं आणि डोळ्यात बघत राहावं लागतं. नजर हलली की मलम गालावर जातं.

पहिले दोन-तीन दिवस गालावर जाईल. माझी हरकत नाही.

बाकी भेटीत. तोवर जीव लावून आहेस तशीच राहा.

तुझा,
धाकटा