झाकण फिरवायला मी शिकवलं

९ जानेवारी, गुरुवार

उघडली! बोटकीने बरणी उघडली!

सहा दिवस ही माकडीण बरणी नुसती आपटत होती, चावत होती. आज खाली बसली, दोन्ही पायांत बरणी धरली आणि उजव्या हाताने झाकण फिरवलं. डावा हात विजेच्या तारेला लागून कधीच जळलाय, त्याला दोनच बोटं. म्हणून तर तिचं नाव बोटकी. आधी सगळा पंजा झाकणावर ठेवायची. आज अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला — आणि मनगट वळलं! मेंदूत हाताच्या हालचालीसाठी केवढी जागा राखलेली असते हे पाच वर्षं वाचतेय. डोळ्यांनी आज पाहिलं.

दुपारी ठमाआत्याकडे भाकरी खाताना तिला व्हिडिओ दाखवला. "माज्यापरीस झाक उघडतीय की!" म्हणाली.

एक गोष्ट फक्त इथे लिहिते. बरणी संशोधनाच्या परवान्यात नाही. परवान्यात दोनच प्रयोग — दोन डब्यांचा आणि दोरीचा. आणि जागा डोंगरावरच्या देवळामागचा कातळ, वाडीपासून तासाभराच्या चढावर. मी तीन आठवडे आत्याच्या घरामागे जांभळाखालीच बसतेय. माकडं इथे लवकर येतात. चढही वाचतो. माझ्या गाईड मॅडमना पुण्यात बसून काय कळणार!

१२ जानेवारी

दोन डबे. निळ्यात दर वेळी एक शेंगदाणा. पिवळ्यात कधी चार, बहुतेक वेळा काहीच नाही. मोठा नर पिवळ्यावरच हात मारतो. तीनदा रिकामा निघाला तरी पुन्हा पिवळाच! बोटकी मात्र भूक असली की निळा घेते, पोट भरलं की पिवळा.

१७ जानेवारी

दोरीची फळी. दोन टोकं दोघांनी एकाच वेळी ओढली तरच खाऊ पुढे सरकतो. बोटकी आणि मोठा नर — वीसपैकी अकरा वेळा जमलं. पण नर सगळं एकटाच खातो. नंतर ती त्याच्याबरोबर ओढेचना! गेली आणि दुसऱ्या एका मादीच्या शेजारी बसून राहिली, ती दोरी ओढायला उठेपर्यंत. काय लिहू!

बरण्या आता चौघं उघडतात. जुन्नरच्या बाजारातून आणखी सहा आणल्या, सगळ्यांच्या स्वयंपाकघरात असतात तसल्याच.

२१ जानेवारी, मंगळवार

आत्या पडली.

दुपारी मी जांभळाखाली कॅमेरा लावत होते. घरातून आरडाओरडा. कौलं सरकवून माकडं आत उतरली होती. आत्या काठी घेऊन धावली, मोठा नर अंगावर आला, ती मागच्या मागे ओट्यावरून खाली. पाय वाकडा. उचलता येईना. घाटरस्त्याच्या वळणावर चहाची टपरी आहे ती तालिबभाईंची, ते पळत आले. त्यांनी आणि शेजारच्या सारजाबाईच्या मुलाने तिला जीपमध्ये घातलं.

सगळे जीपकडे होते तेव्हा मी आत गेले. गूळ, शेंगदाणे, डाळ जमिनीवर. बरण्या फुटलेल्या नव्हत्या. उघडलेल्या होत्या. झाकणं काढून बाजूला ठेवलेली — नीट.

पाच झाकणं होती. मी ती उचलली आणि पिशवीत टाकली.

हे मी केलं. आत्या बाहेर कण्हत होती आणि मी झाकणं वेचत होते.

२२ जानेवारी

खुब्याचं हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन. आई म्हणाली, "तू होतीस म्हणून बरं. नायतर म्हातारी एकटी पडून राहिली असती."

२३ जानेवारी

ऑपरेशन झालं. मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. पहिला विषय माकडं.

सरपंच सावळेरामकाका उभे राहिले. "आजवर माकडं व्हती, पर घरात कदी शिरली न्हाईत. सोकावली कशानं?" मागून कुणीतरी म्हणालं, "टपरी! पर्यटक तालिबाची बिस्किटं घेत्यात आन माकडांना घालत्यात." मग सगळेच बोलायला लागले. टपरी हलवा. बाहेरचा माणूस. त्याचं काय जातंय!

बाहेरचा! जुन्नरहून रोज स्कूटरवर येतात, सतरा वर्षं. आत्याला उचलताना त्यांचाच सदरा फाटला.

मग काका माझ्याकडे वळले. "हर्षाली, तू तर माकडांचाच अभ्यास करतीयास. तूच सांग. खायला घालून माकडं सोकावत्यात का न्हाई?"

शंभर माणसं. मी उभी राहिले. म्हणाले, "हो. सोकावतात."

खोटं एक अक्षर नव्हतं. खाली बसले.

तालिबभाईंना विचारलं, काही म्हणायचंय का. "न्हाई," म्हणाले. "ठरवाल ते." टपरी हलवायची ठरली.

२७ जानेवारी

दिवसभर पडून.

२९ जानेवारी

दवाखान्यात गेले शेवटी. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. आत्याने माझा हात धरला. "माकडांना मारू नका म्हनावं गं. ती एका हाताची लेकुरवाळी हाय." तिच्यापुढे तोंडच उघडलं नाही. संत्री ठेवली आणि निघाले.

निळा डबा. मला दर वेळी निळाच डबा हवा असतो. एक दाणा, खात्रीचा. गप्प बसायचं.

१ फेब्रुवारी

आज टपरी उचलणार होते. तो रस्ता नको म्हणून वाडीवर गेलेच नाही, खाली डिंगोऱ्यात घरीच बसले. आई विचारत होती, "आज माकडं न्हाईत व्हय?"

४ फेब्रुवारी

मॅडमचा फोन. दोरीचे आकडे फार आवडले. "जोडीदार निवडण्याचा भाग तर छापायलाच हवा! जागा देवळाची ना? तसंच लिही." मी म्हणाले, "हो, मॅडम." आता तिसऱ्यांदा खोटं. की चौथ्यांदा? मोजणं सोडलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वनखात्याने पिंजरे लावले. मदतीला मला बोलावलं, माकडं मला ओळखतात म्हणून. मी जांभळाखाली उभी राहिले, नेहमीसारखी हाक मारली. ती आली! झाडावरून उतरून सरळ आली. मोठा नर लांबच घुटमळत होता. पिंजऱ्यात पहिली बोटकी शिरली, पोटाला पिल्लू. तिच्या मागोमाग बाकीची.

दार पडल्यावर तिने आदळआपट केली नाही. कडीवर बोटं फिरवून बघत होती. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला.

अकरा माकडं नेली. कुठे सोडणार, विचारलं. "लांब," म्हणाले.



७ फेब्रुवारी

मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. जागा, बरण्या, आत्याचं पडणं, झाकणं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सगळा डेटा बाद. परवाना देणाऱ्या समितीला आज मी कळवते. तू लेखी दे." आणि मग — "त्या बाई कशा आहेत?" हे मी त्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी विचारायच्या आधी.

८ फेब्रुवारी

लेखी दिलं. आता वाडीत.

९ फेब्रुवारी, रविवार

सावळेरामकाकांना सांगून वाडीतल्या देवळात माणसं जमवली. झाकणं पुढे ठेवली. पाचही. बोलले. "जोरात बोल" म्हणाले दोनदा. माकडांना बरण्या उघडायला मी शिकवलं. परवानगी नव्हती. जागा ही नव्हती. तालिबभाईंचा काही संबंध नाही.



सारजाबाई आधी बोलली. "आन आमच्या संगं बसून रोज जेवत व्हतीस!" ते बरोबर होतं. तेवढंच बरोबर होतं. कारण मग काका म्हणाले, "चुकली. पर पोरीनं तोंडानं कबूल केलं. लई मोठी गोष्ट हाय. आपलीच लेक." कुणीतरी टाळी वाजवली. खरंच वाजवली! पाठोपाठ आणखी दोघातिघांनी.

मला वाटलं, कुणीतरी दगड मारावा. ज्या गोष्टीसाठी तालिबभाईंची टपरी गेली, ती मी केलेली निघाली तर मला टाळ्या! मी विचारलं, "तालिबभाईंना परत बोलवायचं ना?"

"बगू," काका म्हणाले. "आता त्या जागी गावाची कमान बांधायची ठरलीय."

१० फेब्रुवारी

आत्या घरी आलीय. वॉकर धरून चार पावलं टाकते — पाऊल उचलायच्या आधी थांबते, पायाकडे बघते, मग टाकते. एवढी वर्षं आपोआप होणारं चालणं आता एकेक पाऊल ठरवून.

तिला सगळं सांगितलं. ओरडली नाही. भिंतीकडे तोंड केलं. तशीच म्हणाली, "मी तुला भाकरी घालत व्हते गं."

१२ फेब्रुवारी, बुधवार

जुन्नर. तालिबभाई मेव्हण्याच्या बेकरीत लागलेत. त्यांच्या बायकोने, रूहीभाभींनी, पाणी दिलं आणि आत निघून गेल्या. मी माफी मागितली. सगळं पहिल्यापासून सांगायला लागले, तर म्हणाले, "ठावं हाय. मी रोज सकाळी दूध न्यायला तुमच्या आत्याकडं यायचो ना. बरण्या मांडताना कितीदा बगितलं तुम्हाला."

"मग सभेत बोलला का नाहीत?"

खारी पुड्यांत भरत होते. हात थांबले नाहीत.

"माझं कुणी ऐकलं असतं? तुमीच बोलाल वाटलं. सभेत वाटलं, आता उठली, आता सांगनार. न्हाई सांगितलं. म्हटलं, पोर हाय, घाबरली आसंल, उद्या सांगंल. टपरी उचलली त्या दिवशी बी टेम्पोवाल्याला आर्दा तास थांबवून धरला व्हता मी."