अर्ध्या बेटावरून

प्रिय रुफिना,

पाव मोडलास आणि आतून कागद निघाला म्हणून किंचाळू नकोस. मीच आहे, नेलिदा. मान वर केलीस तर समोरच दिसेन, बटाटे सोलत बसलेली. पण मान वर करू नकोस, तुझा एलोय बघत असेल. आणि अक्षर लागत नाही म्हणून त्याच्याकडून वाचून घेशील तर याद राख! तरंगत्या शाळेत आपण एकाच बाकावर बसायचो, माझं अक्षर तुला तेव्हाही बरोबर लागायचं. माझ्याच वहीतून तर उतरवायचीस सगळं. जन्माच्या मैत्रिणी, पुढे सख्ख्या दोन भावांना दिल्या म्हणून सख्ख्या जावा, आणि हाकेच्या अंतरावर राहून पत्र लिहायची पाळी यावी? पण हाक मारायची सोय ठेवलीय का आपल्या या दोन नवऱ्यांनी? 'पलीकडच्यांशी जो बोलेल त्याने पलीकडेच जाऊन राहावं' अशी शपथ घेऊन बसलेत. पाण्यावरून तर कुजबुजसुद्धा ऐकू जाते. म्हणून हे पत्र पास्कुआलाच्या पावाच्या होडीतून पाठवतेय. पाव तेवढा खाऊन टाक, आजचाच आहे.

आधी अरेकिपा शहराची हकिकत ऐक, कारण मी गोत्यात आलेय ती तिथूनच. माझ्या विल्बेरच्या लेकीचं, मायलीचं, जावळ काढायचं राहिलंय म्हणून मी गेले होते, हे तुला माहीत आहेच. पोरीचे केस पार डोळ्यांवर आलेत. अल्पाकाच्या पिल्लासारखी केसांतून बघते आणि दाराच्या चौकटीवर जाऊन आपटते. आपल्यात जावळाची पहिली बट कापणारी बाई म्हणजे पोरीची दुसरी आई, आणि ती बाई तूच, हे मायली पोटात असल्यापासून ठरलेलं. पण तिथे जाते तर विहीणबाई तयारीतच! कात्री आणलेली, कात्रीला गुलाबी रिबिन बांधलेली, हॉलसुद्धा बघून ठेवलेला. मला म्हणतात कशा, 'अहो, तुमचं बेट लव्हाळ्यांचं, पाण्यावर तरंगणारं. पायाखालची जमीनसुद्धा हलते म्हणे. माझ्या पाहुण्यांनी उभं कुठे राहायचं?' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, 'विहीणबाई, आमचं बेट हलत असेल, पण आमची माणसं एकमेकांपासून हलत नाहीत.' असं म्हटलं मी, रुफिना! छाती पुढे काढून म्हटलं! आणि नेमक्या त्याच आठवड्यात आपल्या दोन शहाण्यांनी इकडे दिवे लावले होते. शेवटी विल्बेर मध्ये पडला. 'आई,' म्हणाला, 'क्रुसाच्या सणाला आम्ही तिघं तिकडे येतो. सगळे एकत्र असाल आणि रुफिना काकू कात्री धरणार असेल तर बेटावरच करू. नाहीतर मग हा हॉल आहेच.' विहीणबाई गालातल्या गालात हसल्या. ते हसू अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

परतीची बस म्हणजे एक दिव्यच होतं. खाली अरेकिपात माझं डोकं जड, जेवण जाईना, झोप येईना. बस घाट चढायला लागली तसा माझा जीव भांड्यात पडत गेला आणि बाकीच्यांचा पिशव्यांमध्ये. माझ्या शेजारी एक लाल दाढीचा ताडमाड माणूस गुडघे हनुवटीला लावून बसला होता. नाव योस्ट, देश हॉलंड. विमानात पाऊल टाकायचं नाही असा त्याचा पण. जहाजाने मेक्सिकोला उतरून तिथून बसने-बोटीने आला होता, आपलं सरोवर बघायला. उंचीने त्याचा चेहरा बटाट्याच्या कोंबासारखा पांढरा पडला होता. उंची बाधू नये म्हणून मी गालात धरायला मूठभर कोकाची पानं दिली तर मेल्याने चावून गिळूनच टाकली! पुढे माळावर कुणीतरी संपासाठी रस्त्यात धोंडे रचून ठेवलेले. सगळे उतरलो, गाठोडी डोक्यावर घेऊन वाऱ्यात चालत सुटलो, आणि मग एका ट्रकमध्ये मेंढरांच्या मधोमध बसून जुलियाका गाठलं. तिथून पुनो. योस्टने माझं गाठोडं सबंध वाटभर उचललं, म्हणून मलाही चेव आला. म्हटलं, 'चल माझ्या घरी. अख्ख्या सरोवरात आमच्यासारखं ऐसपैस बेट नाही. दोन भाऊ, दोन सुना, एक चूल. डोळे मिटून चाललं तरी सापडेल.'

पुनोच्या धक्क्यावर पास्कुआला भेटली. तिच्या होडीत बसलो, पण बाई माझ्या नजरेला नजर देईना. शालीचा पदर तोंडात कोंबून वल्हवत होती. मला वाटलं दात दुखतोय. आणि मग आपली जागा आली, तर तिथे पाणी! नुसतं पाणी, वर दोन बदकं. मी इकडे बघते, तिकडे बघते. योस्ट म्हणतो, 'आजी, मी मेक्सिकोपासून एकदाही वाट चुकलो नाही. तुमचं तर घरच हरवलं!' वर आणखी म्हणतो, 'आमचाही निम्मा देश पाण्यातून वर काढलेला आहे, पण आम्ही तो जागच्या जागी ठेवतो.' मेंढरांत बसवून आणलेल्या माणसाचं ऐकून घ्यायची वेळ आली! तेवढ्यात लव्हाळ्यांच्या पलीकडे माझ्या सातुर्निनोची टोपी दिसली, टोपीखाली सातुर्निनो, आणि त्याच्या पायाखाली अर्धंच बेट. दुसरं अर्धं पार सरोवराच्या बाजूला सरकलेलं, आणि त्यावर तू, पाठमोरी. दारावरच्या पाटीचीसुद्धा वाटणी केलेली. 'सुमा उटा', चांगलं घर. 'सुमा' तुमच्याकडे गेलं, 'उटा' आमच्याकडे राहिलं. म्हणजे चांगलं ते सगळं तुमच्याकडे आणि आमच्याकडे नुसतं घर.

तेव्हा कुठे पास्कुआलाने तोंडातली शाल काढली आणि सगळं भडाभडा सांगितलं. तू तिथेच होतीस, तरी मला कळलं तसं लिहिते, चुकलं तर हसू नकोस. म्हणे सातुर्निनोने पाहुण्यांना फिरवायच्या होडीच्या टोकासाठी लव्हाळ्यांचं नवं पुमाचं तोंड विणलं. खपून विणलं. आणि एलोय ते बघून म्हणाला, 'दादा, गिनीपिग छान जमलाय.' बस्स! मग सातुर्निनो म्हणाला की तुझ्या बाजूचे लव्हाळे कुजलेत, पाय आत जातो, आळशी आहेस. एलोय म्हणाला, मग राहा की वेगळा. 'आण करवत!' 'तूच आण!' आपली ती लांब करवत, दोन टोकांना दोन मुठी असलेली. ती काय एकट्याने चालते? शेजारपाजारचं कुणी हात लावेना. मग काय, एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा! सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत दोघं जण समोरासमोर बसून बेट कापत होते. 'ओढ रे.' 'सोड जरा.' 'वाकडी जातेय, तुझ्याकडे घे.' दमले की कोकाची पानं एकाच पिशवीतून काढून चघळायचे, आणि पुन्हा भांडायला, आपलं, कापायला बसायचे. पास्कुआला म्हणते, इतक्या एकोप्याने या भावांनी जन्मात कुठलं काम केलं नव्हतं. लोक आपल्याला नावं ठेवतात, जावा जावा आणि उभा दावा. बघा म्हणावं, इथे जावा गप्प आहेत आणि भावांनी उभं बेट चिरलंय.

आता इकडची दशा ऐक. चूल तुमच्याकडे, सूर्यावर चालणारा दिवा आमच्याकडे. माझी पातेली तुमच्याकडे, तुझा मोठा रेडिओ आमच्याकडे. मी एका फुटक्या डब्यात मासे उकडते. योस्ट बिचारा ते खाऊन 'छान, छान' म्हणतो आणि तुमच्या धुराकडे बघत बसतो. सातुर्निनो तर रेडिओ इतका मोठ्याने लावतो की कानठळ्या बसतात. मी म्हटलं, 'बहिरा झालास का?' म्हणतो, 'हो, वय झालं.' खोटारडा! रेडिओचं तोंड तुमच्याकडे वळवलेलं असतं. परवा फुटबॉलच्या सामन्यात गोल झाला तेव्हा तुमच्या बेटावरून आणि आमच्या बेटावरून एकदमच आरोळी उठली, आठवतं? आणि मग दोघंही खोकायला लागले. सातुर्निनो रोज त्या पुमाच्या तोंडासमोर उभा राहतो. काल मला विचारतो, 'खरं सांग, गिनीपिग दिसतो का?' रुफिना, दिसतो ग. हुबेहूब. पण मी म्हटलं, 'ते एलोयला विचार.' तर रेडिओ आणखी मोठा केला. पुन्हा एक व्हायचं मन दोघांचंही झालंय, पण पहिलं पाऊल कोणी टाकायचं? आणि टाकलं तर ते पाण्यातच पडणार.

इकडे विल्बेरचा फोन येतो, 'आई, तयारी झाली ना?' मी 'हो हो' म्हणते आणि फोन ठेवते. त्याला अर्ध्या बेटाचं काय सांगू? तो आला आणि त्याने हे बघितलं की पोरीला उचलून त्याच पावली परत जाईल, आणि पहिली बट विहीणबाई कापतील. नाही सहन होणार मला. विल्बेर झाला तेव्हा मी तापाने फणफणले होते, दूध आटलं होतं, तेव्हा तू त्याला आपल्या अंगावर पाजलंस. त्याच्या लेकीच्या केसांना तुझ्याआधी दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. हॉल कितीही मोठा असो आणि रिबिन कितीही गुलाबी असो.

आल्या दिवशी मी हात हलवला तर तू पाठ फिरवलीस. मला फार लागलं ते. रडले मी, योस्टला सांगितलं कांदा चिरतेय, आणि कांदासुद्धा तुमच्याकडे आहे. मला वाटलं, ही पण त्यांच्यातलीच झाली. पण मग रोज सकाळी बघतेय. तू ताजे लव्हाळे आणतेस आणि कापलेल्या कडेवर अंथरतेस. आमच्या बाजूच्या कडेवर. तिकडून कोण येणार आहे ग? पाहुणे पलीकडून येतात, होडी पलीकडे लागते, या बाजूला काळं कुत्रं फिरकत नाही. तरी रोज जुने उचलतेस, नवे पसरतेस आणि पायाने दाबून बघतेस. कुणीतरी पाऊल टाकणार असल्यासारखं. परवा माझ्या लक्षात आलं आणि सोलता सोलता हातातला बटाटा पाण्यात गेला. त्या दिवसापासून मीही इकडच्या कडेवर अंथरते. बघितलं असशीलच. काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही म्हणतात, मग करवतीने तरी काय होणार?

तर आता मुद्द्याचं, ज्यासाठी हा पाव तुझ्यापर्यंत पोचवला. येत्या रविवारी दोघंही पुनोच्या बाजाराला जाणार आहेत, आपापल्या होडीने, एकमेकांकडे न बघता. दुपारी सरोवरावरून पुनोकडे वारा सुटतो हे तुला सांगायला नको. तुम्ही वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आम्ही खालच्या. वारा लागला की तू तुमच्या बेटाचे दोर सोड, निलगिरीचे खुंट उपट, चूल विझव आणि मधोमध शांत बसून राहा. बाकीचं वारा करील. योस्टचे हात चांगले लांब आहेत, तो इकडून दोर टाकून तुला ओढून घेईल. देशात परत जाऊन सांगायला काहीतरी हवंच आहे त्याला. मग आपण दोघी दोरांनी दोन्ही अर्ध्यांना शिवण घालू, वर ताजे लव्हाळे अंथरू, आणि संध्याकाळी ते दोघे आपापलं अर्धं शोधत हिंडतील तेव्हा चुलीवर सूप ठेवून बसू. विचारलं तर म्हणायचं, सरोवराच्या मनात आलं. शपथही मोडत नाही. कुणी बोलायला गेलंच नाही, बेटच चालत आलं. कबूल असेल तर उद्या तुझा लाल घागरा वाळत घाल. करवतीची काळजी करू नकोस, ती मी काल पाण्यात सोडली. सातुर्निनोला वाटतंय एलोयने नेली, एलोयला वाटेल दादाकडे आहे. यापुढे आपल्या बेटावर कापायचे ते फक्त मायलीचे केस. आपली जुनी कात्री तुमच्या अर्ध्यात राहिलीय, खिळ्याला लटकवलेली. येताना ती वाऱ्याने पडणार नाही एवढं बघ.

वारा सुटेपर्यंत तुझीच,
नेलिदा