खुर्चीवरचा काळा टी-शर्ट

प्रिय ठोक्या,

पत्र बघून हसशील. हस बापड्या. फोन न करता पत्र का, ते शेवटी सांगते. आणि टाइप केलंय म्हणून रागावू नकोस, माझं अक्षर तुला जन्मात कधी लागलं नाही.

आधी बातमी. आमचं संगीताचं मासिक बंद होतंय. मालकांनी सगळ्यांना बोलावून चहा पाजला तेव्हाच मी काय ते ओळखलं. हा माणूस कधी कुणाला फुकट पाणी विचारत नाही. पुढचा अंक शेवटचा, आणि त्याची मांडणी माझ्या गळ्यात. संपादकांनी तर सगळं सोडूनच दिलंय, खिडकीपाशी बसून शब्दकोडी सोडवतात.

आठवतं, मी इथं लागले तेव्हा तूच माझी शिकवणी घेतली होतीस? दुकानातली होती नव्हती ती सगळी संगीताची मासिकं आणून तू जमिनीवर पसरलीस. गोड गाण्यांच्या मासिकावर सगळे हसत असतात, रंग पिवळा-गुलाबी, आणि मथळे इतके की श्वास घ्यायला जागा नाही. गंभीर गाण्याच्या मासिकावर एक म्हातारा डोळे मिटून बसलेला आणि भोवती नुसती मोकळी जागा. आणि आपल्या, म्हणजे तुझ्या गिटार-ड्रमवाल्यांच्या मासिकावर काळं-लाल, ओरखडलेली अक्षरं आणि गायक असा बघतोय की जणू आपणच त्याची सायकल चोरलीय. नव्या माणसाला मी अजून तुझ्याच शब्दांत शिकवते. नियम आधी पाठ कर ताई, मग मोडायची भाषा कर, असं तू म्हणाला होतास. मोडायची वेळ काही आली नाही.

आमच्या मीटिंगमधली ती रिकामी खुर्चीही तुला ठाऊक आहे. वाचकांच्या पाहणीतून जो सरासरी वाचक निघेल तो त्या खुर्चीत बसलाय असं समजायचं आणि दर पानाला विचारायचं, याला आवडेल का? सगळ्यांना तो दिसावा म्हणून मी खुर्चीच्या पाठीला तुझा जुना काळा टी-शर्ट घातला. ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं की तो कुणाचा. पाहणी काहीही सांगो, मी प्रत्येक पान तुझ्यासाठीच लावत होते. तू परीक्षण आधी वाचशील, मग भांडायला संपादकांना पत्र लिहिशील, म्हणून परीक्षणाचं पान मी कधी आत ढकलू दिलं नाही.

आणि पाहणी तरी कशी! आम्ही प्रश्नांचे कागद घेऊन कार्यक्रमांच्या दाराशी उभे राहायचो. आत जाणाऱ्या उत्साही पोरांना विचारायचो, मासिक आवडतं का? आवडतं, म्हणायची. सगळा आनंदीआनंद. जे यायचेच थांबले, त्यांना विचारायला दाराशी कोण भेटणार? वर्षानुवर्षं आम्ही आत जाणारेच मोजले, आणि खप खाली का जातोय म्हणून कपाळाला हात लावून बसलो.

तूही त्या न येणाऱ्यांतलाच. डावा कान गेला आणि तू ड्रम विकलेस. उजवा जपा, तो गेला तर माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी दर वेळी विचारते आणि तू दर वेळी म्हणतोस, ठणठणीत आहे, आईच्या कानावर घालू नकोस.

परवा मालकांचा माणूस सामान मोजायला आला. त्यानं खुर्चीवरचा टी-शर्ट काढला आणि सरळ फळा पुसायला घेतला. मी त्याच्या हातातून हिसकावून घेतला. सगळे बघत राहिले. मग जागेवर येऊन शेवटचा अंक पुढ्यात घेतला आणि तुला पाठवण्याजोगं एक तरी पान निघतंय का, ते शोधलं. नवी गाणी, येणारे कार्यक्रम, कोणते हेडफोन घ्यावेत. एकही नाही रे. सगळा अंक तुझ्यासाठी लावलेला आणि तुझ्या उपयोगाचं एक पान नाही.

आता पत्राचं कारण. मंगळवारी तुला जो फोन आला, तो माझाच होता. तू उचललास. मी बोलत होते आणि तू हॅलो, हॅलो, कोण आहे, करत होतास. मी ओरडले, पार शेजारच्या टेबलवरची माणसं उठून आली. मग परक्याशी बोलावं तसं तू अदबीनं म्हणालास, "माफ करा, लाइन खराब आहे." लाइन स्वच्छ होती, ठोक्या. तुझ्या मागे नळ धो धो वाहत होता, तो मला ऐकू येत होता. तुला येत नव्हता. तू फोन ठेवलास, तरी मी कानाला लावून बसले होते. आईला अजून काही सांगितलेलं नाही. रविवारी येतेय. समजूत घालायला नाही, घालण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलंच नाही. टी-शर्ट धुऊन आणतेय. बेल वाजवणार नाही. सकाळपासून दाराची कडी तेवढी काढून ठेव.

तुझीच,
ताई