मेथीच्या दोन ओळी

२० नोव्हेंबर, गुरुवार
आज ती आली. सरळ घरीच. मी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होते, हात मातीचे. "वनिताताई तुम्हीच ना?" वनिता माझं माहेरचं नाव, इथे कुणी घेत नाही. लग्नात अर्चना झाले ती झालेच.
पोरीचं नाव ईशा. वर्ध्याचीच, बाहेर कुठे कुठे संगीत शिकून आली. दिवाळी अंकात माझी कविता आली होती (माहेरच्या नावाने, म्हणून इथे कुणाला पत्ता नाही), तिला ती गाण्यात घ्यायची आहे. साधं गाणं नाही. मोठा कोरस, नागपूरचे व्हायोलिनवाले, अर्धा तास चालणारं. पाच ओळींची कविता, अर्धा तास?
तेवढ्यात सासूबाई दारातून, "कोन आली वं?"
तोंडाला आलं ते सांगितलं. "कालेजातली हाय. मंडळाचं भजन आयकाले आली."
मग काय, म. तिला देवळात घेऊन गेला. (नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. एकाच अक्षराचं पाप कमी लागत असेल.) नेमका गुरुवार, भजनी मंडळ जमलेलंच. खोटं बोलायलाही वार बघावा लागतो.

२१ नोव्हें.
ईशाचा फोन. मंडळाचे आवाज तिला इतके आवडले की कोरसमध्ये घेणार! कॉलेजच्या मुली आणि आमचे बाप्ये. "असे रापलेले आवाज मला कुठे मिळणार, ताई?" देवराव बुवा म्हणजे मंडळाचे पुढारी, पेटी वाजवतात, ते एका पायावर तयार.
म. पण मंडळातच. म्हणजे माझी कविता म. गाणार.
तिला शपथ घातली, माझं नाव कुठे यायला नको. का, म्हणाली. सांगितलं नाही. काय सांगू, की ह्या घरातून जाण्यावर लिहिली आणि ज्याला सोडून जायचं त्याच्याच तोंडी तू ती घालतेस?
होस्टेलच्या बाईंनाही अजून काही कळवलं नाही. सेवाग्रामच्या बाजूला, नर्सिंगच्या मुलींचं. वॉर्डनची जागा आहे, तिथेच राहायचं. खोली बघून आले चोरून. खिडकीतून कडुनिंब दिसतो. घरात कुणाला... थांबते, सासूबाई आल्या.

२७ नोव्हें., गुरु.
पहिली तालीम, शाळेच्या हॉलमध्ये. चहाला बाई लागते म्हणून मला जाता आलं.
ईशाची रीत अशी. आधी नुसतं "मी". बराच वेळ "मी". मग "मी नि". मग "मी निघा". एकेक अक्षर जोडत जायचं, मागे मोबाइलवर तालाची टक टक. लय वाढवायची नाही. आमच्या मंडळाला हे कसं जमावं! भजन म्हणजे हळू सुरू करायचं आणि शेवटी खंजिरी अशी पेटवायची की ऐकणारा उभा राहिला पाहिजे. थोड्या वेळात सगळे धावत सुटले. ईशाने थांबवलं. पुन्हा "मी". पुन्हा धावले.
बुवा घामाघूम. "पोरी, हे भजन कुठं पोचूनच नाई राह्यलं."
"पोचायचंच नाहीये, काका."
मी किटली घेऊन उभी. मला मात्र सगळं ओळखीचं वाटलं. रोज तेच, त्यात एखादं काम जास्तीचं, की पुन्हा पहिल्यापासून.

४ डिसें.
बुवांनी तोड काढली. अर्थ कळला की लय बसेल म्हणाले, आणि अर्थ सांगितला. "हे आत्म्याचं बोलनं हाय. घर म्हंजे देह. आत्मा म्हन्ते, मी निघाले, दार लावून घे, माही वाट पाहू नोको." सगळ्यांच्या माना डोलल्या. एकाने तर डोळे पुसले, हे कोण्या जुन्या संताचं असन म्हणाला.
आणि लय खरंच बसली. मरणाचं म्हटल्यावर कुणालाच घाई नव्हती.
ईशा माझ्याकडे बघत होती. मी कप विसळत होते.
बाई घरातून निघाली म्हणजे ती मेलीच असणार. दुसरं काही ह्यांच्या डोक्यात येतच नाही. अख्ख्या मंडळात एकाच्याही नाही. म. च्याही नाही. घरी येईपर्यंत संताप होत होता, पण करायचा कोणावर?

९ डिसें.
मेथीच्या वाफ्यात म., पाठमोरा, "मी नि, मी निघा, मी निघाले". विहिरीवर तेच. वर्ध्याच्या बाजाराला कोथिंबीर लादताना तेच. आवाज चांगला आहे त्याचा, पहिल्यापासून. माझीच ओळ दिवसभर माझ्या मागे मागे फिरते आणि मी काही म्हणू शकत नाही.
सासूबाईंनाही पाठ झालं. "माह्या वक्ताले हेच म्हना रे बाप्पा." म. हो म्हणाला.
माहेरी सांगायला गेले तर आई म्हणेल, पीत नाही, मारत नाही, आणखी काय पायजे तुले? काय पाहिजे ते मला एका वाक्यात सांगता येत नाही. गुदमरतं, एवढंच. म्हणून तर पाच ओळी लागल्या.

१४ डिसें., रवि.
खालच्या मोहल्ल्यातल्या जनाआजीची तेरवी. मंडळाने नेहमीची भजनं म्हटली आणि शेवटी बुवांनी खूण केली. "मी निघाले." खंजिरी नाही, काही नाही, नुसते आवाज. बायका हमसून रडल्या. शेजारच्या मंदाने माझा हात दाबला. "किती खरं हाय नाई?"
मी पण रडले. सगळ्यांना वाटलं आजीसाठी.
आता गावात ही कविता मयताची झाली. उद्या मी खरंच पिशवी घेऊन फाट्यावर उभी राहिले तरी लोक विचारतील, कोन गेलं?

१५ डिसें.
ईशाला फोन केला. म्हटलं, तू मधल्या दोन ओळी गाळल्यास त्या परत घाल. मूळ कविता अशी आहे:

मी निघाले तर
दार लावून घे.
मेथीच्या जुड्या बांधून ठेवल्यात,
वर ओलं पोतं टाक.
माझी वाट बघू नकोस.

मधल्या दोन तिने काढल्या होत्या. अक्षरं फार, तालात बसत नाहीत, शिवाय "थोड्या घरगुती वाटल्या, ताई." घरगुतीच आहेत, बाई! त्या नसल्या की कुणीही मरतं त्या कवितेत.
आधी नाही म्हणाली. व्हायोलिनचं सगळं पुन्हा लिहावं लागेल, वेळ कमी आहे. मग मी सांगितलं सगळं. होस्टेलचंही. "घालते," म्हणाली.

२१ डिसें., रवि.
नव्या ओळी आल्या. मी दाराशी उभी. आता तरी कळेल. आत्मा कशाला मेथी बांधेल?
बुवांनी कागद वाचला, डोळे मिटले. "जुड्या म्हंजे संचित कर्म. ओलं पोतं म्हंजे माया."
धन्य! मला हसूच आवरेना, मागे जाऊन बादलीतल्या पाण्याने तोंड धुतलं. ह्या गावातून कवितेलाही बाहेर पडता येत नाही. मग हसू कधी थांबलं आणि दुसरंच काय सुरू झालं कळलं नाही.
म. आज गप्प होता. दोन्ही वेळा मेथीच्या ओळीला अडखळला. ईशा म्हणाली, काका, बरं वाटत नाही का?

२३ डिसें., मंगळ.
लिहिते.
सकाळी जेवताना. सासूबाई मंदाकडे गेलेल्या. म. भाकरी मोडत होता, मोडलीच नुसती.
"मरून राह्यलेल्या मानसाले मेथीची काय फिकीर?"
मी भाजी वाढत होते. वाढली.
"पोतं टाकाची आठोन कोनाले राह्यते? जुड्या बांधते त्याले."
मी म्हटलं, "थे बाई मरून नाई राह्यली. जाऊन राह्यली."
माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी असं सरळ. मग मीच म्हटलं, "मी लिवली हाय थे."
तो पाणी प्यायला. ताट तसंच. उठला, मोटर सुरू करायला गेला. वीज नव्हती तेव्हा. तरी तिथेच बसून राहिला, मला इथून दिसत होता.
सुटल्यासारखं वाटेल वाटलं होतं. वाटलं नाही. उलट आता दोघं अडकलो.

२८ डिसें.
बोलत नाही. भांडतही नाही. तालमीला जातो, येतो. शेतात गाणं बंद. ते माझ्या मागे फिरत होतं तेव्हा चीड येत होती, आता कान तिकडेच लागतात. काय म्हणावं ह्याला.
सासूबाईंनी विचारलं, "काऊन रे, गळा बसला?" म. म्हणाला, "हो."
मंडळात त्याने कुणाला सांगितलेलं दिसत नाही. बुवा कालच मला म्हणाले, "अर्चना, तुह्या मालकानं लय जीव लावला या भजनाले."

३ जाने., शनि.
होस्टेलच्या बाईंचा फोन. पुढच्या सोमवारपर्यंत सांगा, दुसरी एक बाई आहे रांगेत. मी हो हो केलं. होकार नाही तो, नुसतं हो हो.
पेटीतून दोन पातळं काढली, उन्हात घातली, परत पेटीत ठेवली.

१० जाने., शनि.
आज संध्याकाळी वर्ध्याला कार्यक्रम. गावातून टेम्पो भरून निघणार आहेत. मी आणि म. गाडीवर. पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. "मी नाई गात," असं म्हणेल वाटलं होतं. घातला.

११ जाने., रवि.
काल लिहायला जमलं नाही.
हॉल भरलेला. पुढे व्हायोलिनवाले, मागे मुली, त्यामागे आमचे बाप्ये, इस्त्रीत अवघडलेले. ईशाने हात वर केला. "मी." खूप वेळ "मी". व्हायोलिन खालून तेच तेच दोन सूर. लोक आधी चुळबुळले, एक जण फोन घेऊन बाहेर गेला, मग हळूहळू सगळे थांबले. माझं शब्दांवर लक्षच नव्हतं. मी म. कडे बघत होते.
त्याचं तोंड मिटलेलं. "मी निघाले" आलं, मिटलेलं. "दार लावून घे", मिटलेलं. शेजारचे गात होते, मुली गात होत्या, हा नुसता उभा. मनात म्हटलं, रागावला, आता घरी गेल्यावर भांडेल.
मग मेथीची ओळ आली आणि तो गायला. "मेथीच्या जुड्या बांधून ठेवल्यात, वर ओलं पोतं टाक." जितक्यांदा आली तितक्यांदा. एवढ्या आवाजांत मला त्याचा वेगळा ऐकू येत होता. न धावता, एकेक अक्षर नीट ठेवत. शेवटची ओळ आली तेव्हा पुन्हा गप्प.
गाणं संपलं नाही, थांबलं. टाळ्या उशिरा पडल्या. बुवा रडत होते. ईशाने माझं नाव घेतलं नाही, शब्दाला जागली.
म. ने गाडी काढली. मी मागे बसले. किक मारायच्या आधी थांबला, पुढेच बघत म्हणाला,
"कदी जाऊन राह्यली?"
भांडला असता तर माझ्याकडे उत्तरं होती. इतकी वर्षं घोकलेली, कामं करता करता, एकापुढे एक. सोमवार म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "घरी चला आधी."
त्याने किक मारली. आज सकाळपासून दोघं मेथी काढतोय. उद्या होस्टेलच्या बाईंना फोन करायचा आहे.