समुद्राच्या टाकीतलं शेवाळ

२४ मार्च १९९६

परत शेवाळ! परवाच ब्लेडने काच खरवडली, दगड टूथब्रशने घासले – आज पुन्हा हिरवे केस लोंबतायत. डोकं फिरलंय! मासळीच्या टेम्पोवाल्याची मनधरणी करून मुंबईहून कॅनमधून समुद्राचं पाणी आणवायचं, ते हे गवत वाढवायला? अख्ख्या उल्हासनगरात असली टाकी ठेवणारा येडा मी एकटाच असेन.

२८ मार्च

कंपनीच्या लॅबमधला हिरामण म्हणतो, "बॉस, लाइट कमी कर." केला. खिडकीला चादर लावली. मालिनी अंधारात भाजी निवडते. बायको असून एका शब्दाने तक्रार नाही. शेवाळ जसंच्या तसं!

९ एप्रिल

आता टाकीतल्या समुद्रफुलावर, म्हणजे अ‍ॅनिमोनवर, चढलंय. फूल मिटून बसलंय. नारिंगी मासा त्याला सोडून हलत नाही. फूल गेलं की तोही जाणार.

पाणी कंपनीत नेऊन तपासलं. नायट्रेट, फॉस्फेट – भरमसाट! म्हणजे कोणीतरी टाकीत खायला टाकतंय. मालिनीला विचारलं. "मला काय विचारता?" म्हणाली आणि आत गेली.

१९ एप्रिल

सापडलं! दगडाच्या फटीत तांदूळ. कुजलेले, बोट लावलं की पीठ.

शेजारची मोटवानींची अम्मा! आमची चावी तिच्याकडेच असते. अमावास्येनंतर चंद्र दिसला की हे सिंधी लोक पाण्यात तांदूळ-साखर सोडून मागणं मागतात, अखो म्हणतात त्याला. तडक तिच्या दारात गेलो.

"पुट, वालधुनी नदीत मच्छी जगते काय? सगळा केमिकल. तुझ्याकडे खरा दर्या आहे. आमच्या कराचीचाच."

"दर्या गेला खड्ड्यात! माझे मासे मरतायत! तूच टाकलेस ना?"

तिने माझ्या मागे, आमच्या दाराकडे पाहिलं. मग – "हां पुट, मीच. गलती झाली."

चावी काढून घेतली. बरं केलं! मालिनी म्हणते, "म्हाताऱ्या माणसावर एवढं ओरडायचं?" ओरडायचं! देवधर्म करायचा तर आपापल्या घरात करा.

२ मे

अम्मा जिन्यात मान फिरवते. फिरवू दे.

निम्मं पाणी बदललं. शेवाळ पांढरं पडतंय. फूल आज बोटभर उघडलं!

१९ मे

पंपाची नळी आणायला निघालो. दुकान बंद, लगेच परत आलो. मालिनी टाकीसमोर पदर पसरून उभी. पाण्यात तांदूळ खाली जात होते.

मी ओरडणारच होतो. ती वळलीसुद्धा नाही. "अम्माने कधीच काही टाकलं नाही. मला शिकवलं फक्त. कुणाला सांगू नका म्हणून मीच हात जोडले होते. मूल मागत होते मी."

लग्नाला इतकी वर्षं झाली. मला वाटायचं, तिला मूल नसल्याचं काही नाही. माझ्याकडे कधी बोलली नाही. माशांकडे बोलत होती.