पावडरबाईची साक्ष

आई, गेल्या रविवारी मी तुझी अब्रू घालवली. भर चर्चमध्ये, माइकवर, साताऱ्याच्या त्याच मंडळीसमोर, जिच्यापुढं तू मला अकराव्या वर्षी चोर म्हणून उभी केली होतीस. तू जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, मी साठी ओलांडली, गुडघे कुरकुरायला लागले, पण ही एक गोष्ट मी जपून ठेवली होती. संधी आली आणि सोडली नाही. वाटलं होतं, बोलून झाल्यावर वाईट वाटेल. कसलं वाईट! तुझ्याच बोलीत सांगते, लय बरं वाटलं.

झालं असं, की तिथल्या पाळकबाईंचा मला सांगलीला फोन आला. नवीन पोरगी आहे, गोड बोलते. चर्चमागचं स्वयंपाकघर नव्यानं बांधलंय म्हणे आणि त्याच्या दारावर तुझ्या नावाची पाटी लावायचं मंडळीच्या मनात आहे. "काकू, म्हाताऱ्या बायका अजून तुमच्या आईंची आठवण काढतात. बोर्डिंगच्या स्वयंपाकीणबाई, येता-जाता देवाचे उपकार मानायच्या. महिला रविवारी तुम्हीच या आणि त्यांच्याबद्दल साक्ष द्या. विषय ठेवलाय, रोजच्या जगण्यातली उपकारस्तुती." मी म्हटलं, येते की. इतक्या पटकन हो म्हणाले की सून आमटीला फोडणी द्यायची थांबून माझ्याकडं बघायला लागली. मी चर्चमध्ये कधी तोंड उघडत नाही हे तिला माहीत आहे. गाणं लागलं तर पुस्तक धरून उभी राहते, एवढंच.

उपकार मानण्यात तुझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मात्र खरं. लाकडं ओली निघाली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं की तू म्हणायचीस, "धूर झाला तर झाला, डास तरी पळालं. प्रभूचं उपकार." भाकरी करपली तर, "करपाया पीठ तरी हुतं." माझी चप्पल तुटली तर, पाय तर शाबूत आहे ना. लोणंदच्या बाजूला आपलं खोपट होतं, तिथं बाबा गेले, तेव्हा शेजारणी ऊर बडवत होत्या आणि तू डोळे मिटून म्हणालीस, "सोडवलं देवानं." मी तुझ्या तोंडाकडं बघत बसले होते. या बाईला दुखतं तरी कुठं, असं मला वाटायचं. घास तोंडात जायच्या आधी हात जोडायचे, पाणी प्यायचं तर आधी वर बघायचं, आणि मी विसरले की पाठीत बुक्की. "उपकार मानलं का गं?" मानले, म्हणायची मी. न मानून सांगते कुणाला?

बाबांमागं तुला साताऱ्याच्या मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाचं काम लागलं. पहाटे उठून एवढ्या पोरींच्या भाकऱ्या थापायच्या, आमटी, भात, संध्याकाळी परत तेच. त्याबदल्यात आपल्याला कोठीशेजारची खोली आणि माझं शिक्षण. सगळं बोर्डिंगच्या बाईंच्या मर्जीवर. बाई वाईट नव्हत्या, पण शिस्तीच्या फार. त्यांची चप्पल वाजली की तू पदर सारखा करायचीस. त्याच वर्षी माझ्या छातीत डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, पोरीला दूध पाजा, अंडी द्या. तू मान हलवलीस आणि बाहेर आल्यावर म्हणालीस, "देव बगंल." देवानं लगेच बघितलंही. दुसऱ्याच दुपारी, मुली शाळेत गेल्यावर, तू मला जळणाच्या ढिगामागं बोलावलंस. मी खोकल्यापायी घरीच असायची. तुझ्या हातात पितळी पेला. बोर्डिंगला परदेशातून दुधाच्या पावडरीची पिंपं यायची, ती पावडर मुलींच्या रविवारच्या चहासाठी कोठीत कुलपात असायची आणि किल्ली तुझ्या कमरेला. कोमट पाण्यात पावडर घोटून, गुठळ्या बोटानं मोडून तू पेला माझ्या तोंडाला लावलास. "बाईंनी दिलंय तुझ्यासाठी. उपकार मान आन् पी." मी मानले आणि प्यायले. पुढं महिनाभर रोज प्यायले. गाल जरा भरून आले.

दर शनिवारी दिवेलागणीला, जेवणाआधी, बोर्डिंगात उपकाराची प्रार्थना व्हायची. मुली पंगतीत बसायच्या, ताटं पुढ्यात, बाई खुर्चीवर, आणि एकेकीनं उभं राहून त्या आठवड्यातल्या एका गोष्टीबद्दल देवाचे उपकार मानायचे. त्या शनिवारी सगळ्या पोरी पाचगणीला सहलीला जाऊन आल्या होत्या. मला तू जाऊ दिलं नव्हतंस, खोकला म्हणून. एकेक उठते आहे आणि म्हणते आहे, पाचगणीच्या हवेबद्दल उपकार, टेबललँडवरच्या घोड्याबद्दल उपकार, स्ट्रॉबेरीबद्दल उपकार. माझी पाळी येते. माझ्याकडं काय होतं सांगायला? मी उठते, हात जोडते आणि खणखणीत आवाजात म्हणते, "बाई मला रोज दुपारी दुधाची पावडर देतात, त्याबद्दल प्रभूचे उपकार."

बाईंनी डोळे उघडले. "कुठली पावडर गं?" पंगतीत कुणीतरी खुदकन हसलं. तू दारात उभी होतीस, दोन्ही हातांत आमटीचं पातेलं. तू आधी माझ्याकडं बघितलंस, मग बाईंकडं. "आवं बाई, पोरीची चूक झाली. माजा डोळा लागला की कमरंची किल्ली काडून घेती. लय येळा हाणलं. ल्हान हाय, बिनबापाची हाय, पदरात घ्या." आणि आमटी वाढायला लागलीस. एवढं बोललीस, पण पातेलं जराही हिंदकळलं नाही. मी उभीच होते. मला बस म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

बाईंनी तुला कामावर ठेवलं आणि शिक्षा मला केली. दुसऱ्या दिवशी उपासनेत वेदीच्या पायरीवर उभं राहून आठवी आज्ञा, चोरीची, तीनदा म्हणायची आणि बाईंनी क्षमा केली म्हणून देवाचे उपकार मानायचे. म्हटली तीनदा. तू बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसली होतीस, मान खाली, ओठ हलत होते. तेव्हाही उपकारच मानत असशील. त्या दिवसापासून मी पावडरबाई झाले. शाळेत पावडरबाई, नर्सिंगला गेले तर तिथं बोर्डिंगची एक भेटली, तिनं नाव तिथंही पोचवलं. माझ्या लग्नाच्या पंगतीत कुणीतरी ओरडलं, "पावडरबाई, खिरीला दूध कुठलं गं?" सगळी पंगत हसली. तू खीर वाढत होतीस. हसली नाहीस, पण बोललीही नाहीस. एकदा बोलायचं होतंस गं, आई! "पोरीनं न्हाई, मी घेतली." चार शब्द. जीभ झिजली असती का तुझी?

त्या शिक्षेच्या रविवारी दुपारी तू माझ्यापुढं भाकरी ठेवलीस आणि सवयीनं म्हणालीस, "उपकार मान." मी विचारलं, "कशाचे?" तू परातीतल्या पिठात पाणी ओतलंस. मग म्हणालीस, "हितं दोगींचं प्वाट भरतंय, त्याचं." संपलं. आयुष्यभराचा तुझा खुलासा तेवढाच. जळणामागचा पेला बंद झाला आणि तू स्वतःच्या चहातलं दूध माझ्या कपात ओतायला लागलीस, स्वतः कोरा प्यायला लागलीस. मी ते दूध प्यायले आणि मुद्दाम, तुझ्या डोळ्यांत बघत, हात जोडले नाहीत. त्यानंतर तुझ्यासमोर कधीच जोडले नाहीत. तू बुक्की मारलीस, समजावलंस, एकदा पाया पडायलाही निघालीस. तुला ते लागत होतं. लागावं म्हणूनच तर करत होते.

शेवटी सांगलीला माझ्याच दवाखान्यात, माझ्याच वॉर्डात तू दोन आठवडे पडून होतीस. नर्स होते, सगळं नीट केलं. वेळच्या वेळी कुशी बदलल्या, अंग पुसलं, पाठीला पावडर लावली. हो, पावडरच. तू सलाईनच्या थेंबांचे उपकार मानत होतीस, पंख्याचे, फरशी पुसणाऱ्या मावशीचे. मावशी तर तुझ्या प्रेमातच पडली होती. एकदा माझं मनगट धरून म्हणालीस, "येकदा म्हन की गं. माज्यासाठी न्हाई, तुज्यासाठी." मी म्हटलं, "बाटली संपत आलीय, बदलते." आणि बदलली. दोन दिवसांनी तू गेलीस. मला वाटलं होतं, फिटलं आता. कुठलं काय, राग तसाच राहिला, आणि चिडायला समोर कुणी उरलं नाही.

म्हणून गेल्या रविवारी बोलले. सुनेला बरोबर घेऊन सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेले. पाळकबाईंनी तुझ्याबद्दल चार गोड वाक्यं बोलून मला पुढं बोलावलं. मी सगळं सांगितलं. जळणाचा ढीग, पेला, शनिवारची प्रार्थना, पातेलं, आठवी आज्ञा. "अकरा वर्षांची निष्पाप पोर होते मी," मी म्हणाले. "आईनंच उपकार मानायला शिकवलं आणि उपकार मानले म्हणून तिनंच मला चोर ठरवलं. आमच्या घरातली रोजची उपकारस्तुती ही अशी होती." बायकांचे पंखे हलायचे थांबले. पुढच्या बाकावर एकीनं तोंडाला पदर लावला. पाळकबाई घाईघाईनं गाण्याचं पान शोधायला लागल्या. बाहेर आल्यावर तेव्हाची एक बोर्डिंगवाली काठी टेकत आली आणि माझा हात धरून म्हणाली, "माफ कर गं बाई, आमीबी लय चिडवलं तुला." मी म्हटलं, असू दे. आणि मजेत चहा घेतला, दोन कप.

गुरुवारी पाळकबाईंचा फोन. "काकू, पाटीचं काम जरा थांबवलंय. काही जणांचं म्हणणं पडलं, की आता बरं दिसत नाही. पण तुम्ही लेक आहात. तुम्ही म्हणाल तसं करू, रविवारपर्यंत सांगा." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तुझं नाव आता माझ्या एका शब्दावर अडलंय, आई. असंच हवं होतं मला. आज शनिवार आहे आणि मी अजून काही कळवलेलं नाही.

कळवलं नाही त्याला कारण माझी सून. कवठे महांकाळची आहे, मनात ठेवून बोलणं तिला जमत नाही. परतीच्या एसटीत शेंगा सोलता सोलता तिनं विचारलं, "आई, तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं का, की ते दूध बाईंनी दिलेलं नाही?" मी म्हटलं, "नाही." आणि खिडकीबाहेर बघायला लागले.  तिनं सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. ठाऊक होतं. बाईंनी दिलेलं दूध कुणी जळणामागं लपून पितं का? पिऊन झालं की तू माझे ओठ पदरानं पुसायचीस आणि पेला लगेच राखेनं घासून टाकायचीस. अकरा वर्षांची होते, खुळी नव्हते. त्या शनिवारी सकाळी मी तुला न विचारता पाचगणीच्या गाडीत चढून बसले होते. तू आलीस, सगळ्या मुलींसमोर दंडाला धरून मला खाली ओढलंस आणि थोबाडीत दिलीस. गाडी निघून गेली. दिवसभर भांडी घासत मी एकच ठरवत होते, की बाईंनी तुला हाकललं पाहिजे. मग आपण दोघी जाणार कुठं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. संध्याकाळी हात जोडून मी उपकार मानले नाहीत, आई, चहाडी केली. पातेलं धरून तू माझ्याकडं बघितलंस ना, तेव्हाच तुला ते कळलं होतं. हे मी माइकवर बोलले नाही, नवऱ्याला कधी सांगितलं नाही. तूही कुणाला सांगितलं नाहीस, मला एकटीला गाठूनसुद्धा नाही. मी तुला देशोधडीला लावायला उठले होते आणि तू मला नुसतं चोर केलंस.