वायर वरच्या खाचेत

बुधवार, दिवेलागण

आज सोनलने शहापूरहून नवं ग्राफिक कार्ड आणलं आणि पहिल्यांदाच कॉम्प्युटर स्वतः उघडला. सहाच्या आत पुण्याच्या कंपनीला काम करून पाठवलं, तर नोकरी पक्की होती. कार्ड बसलं, पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळीच.

“डॉक्टरीणबाई, पेशंट गेला वाटतं!” मी म्हटलं.

“आजी, तुला यातलं काय कळतंय? गप बस गो!”

बसले गप. मला अक्षर येत नाय, पण डोळे आहेत. स्क्रीनची वायर आधी खाली, जुन्या कार्डाच्या खाचेत होती. नातीने ती वरच्या खाचेत खोचली. ती रडत स्क्रू काढत होती, घालत होती. मी सुपारी कातरत होते. सहा वाजून गेल्यावर नव्या कार्डाची खालची खाच बोटानं दाखवली. तिने वायर तिथे खोचली. लगेच उजेड!

गप बस म्हणाली, म्हणून गप बसले का? छे. नोकरी लागली असती, तर पोर पुण्याला गेली असती.

तिचं मन रमेल म्हणून ही माझी डायरी लिहायला तिलाच बसवलंय. लिही गो, थांबलीस का? आणि सांगते तसंच लिही. मला वाचता येत नाय म्हणून बदलू नको.